पाच गल्ल्यांचं पाणी

हिंगोलीत गांधी चौकातून बसस्टँडला पायी जायला दहा मिनिटं लागतात. दशरथमामांना अडीच तास लागतात आणि पाच ग्लास पाणी लागतं.

घरी पाणी नाही अशातला भाग नाही. घरी फिल्टर आहे, फ्रिज आहे, फ्रिजमध्ये बाटल्याही भरलेल्या असतात. पण मामा घरून कोरडे निघतात. आधी पेन्शनपुऱ्यात एका दारासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "पाणी पाजा बरं." मग गवळीपुऱ्यात. मग मारवाडी गल्लीत, मग कोमटी गल्लीत, मग रिसाल्यात. एका गल्लीत एक घर, एका घरात एक ग्लास. उभ्या उभ्या प्यायचं, डोळे मिटायचे, शेवटचा घोट तोंडात घोळवायचा आणि निकाल द्यायचा, "बराबर हाय." मी आठ वर्षं त्यांच्या घरात भाड्यानं राहते. निकाल कधी दुसरा लागला नाही.

मोठ्या रस्त्यानं काहून जात नाही, असं विचारलं तर म्हणतात, "घाई असलं त्यानं जावं. तिथं दुकानं हायेत. गाव कुठं हाय तिथं?"

मामा नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. गावातले लोक त्यांना नळ सोडणारा म्हणायचे. खांद्यावर कमरेएवढी लोखंडी चावी टाकायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालून फिरवायची, की त्या गल्लीच्या नळाला पाणी. तीस वर्षं हेच केलं, आणि सगळं पायी, कारण चावी घेऊन सायकलवर बसता येत नाही. आता निवृत्त आहेत, चावी दुसऱ्याच्या खांद्यावर गेली, पण पाय अजून कामावर आहेत.

माझी आणि त्यांची नीट ओळख अशाच एका फेरीत झाली. मी कनेरगाव नाक्याकडच्या एका तांड्यातली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या सरांनी आमच्याकडून आपल्या शहरावर वीस पानं लिहून मागितली. मी ग्रंथालयात गेले. तिथं एका पुस्तकात दीड पान सापडलं, की निजामाच्या काळात इथं फौजेची छावणी होती, म्हणून पलटण, रिसाला, तोफखाना अशी नावं पडली. उरलेली साडेअठरा पानं कुठून आणायची म्हणून मी ओट्यावर रडकुंडीला येऊन बसले होते.

मामा म्हणाले, "काय झालं वं सविता?"

मी सांगितलं.

"मग बसून काहून राहिली? चप्पल घाल."

मला चालण्याचा गर्व होता. आमची मागची माणसं बैलांच्या पाठीवर धान्य न् मीठ लादून मुलूखभर पायी हिंडलेली. पण तो गर्व कोमटी गल्लीपर्यंतच टिकला. मामा पुढं, मी मागं, आणि ते सारखे टाच आपटून सांगत होते, "इथं खाली सहा इंची लाइन हाय. इथून पुढं ती चार इंची होतीय. ह्या मशिदीच्या मागून जाती न् पुढं मारुतीच्या पारापाशी तिला जोड हाय. वर भांडणारे समदे खाली एकाच पाइपावर हायेत."

पेन्शनपुऱ्यात ते म्हणाले की पेन्शनवर आलेले शिपाई गावी परत गेले नाहीत, इथंच घरं बांधून राहिले. त्यांची नातवंडं अजून घरात हिंदी बोलतात, पण भांडताना मराठीवर येतात. रिसाला म्हणजे घोडदळ, तिथं आता घोडा एकच, तोही वरातीचा. कोमटी गल्लीतल्या लोकांचं किराण्याचं दुकान मराठीत चालतं आणि स्वयंपाकघर तेलुगूत. गवळीपुऱ्यात म्हशी पायी न् माणसं मोटरसायकलवर. मारवाडी गल्लीतल्या बायका घूंघट घेतात पण नळ उशिरा आला तर घूंघट काढून बोलतात. हे सगळं मी उतरवून घेतलं. सरांनी वही परत दिली तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, "माहिती चांगली आहे. पाइप फार आहेत."

मामांना मी ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सरांच्या गल्लीला पाणी कमी दाबानं येतंय. मला ठावं हाय ती गल्ली."

माणसं मापायची त्यांची हीच पद्धत. एखादा कमी बोलणारा पण भरवशाचा असेल तर "प्रेशर हाय त्याला." कोणी इकडचं तिकडं सांगत फिरत असेल तर "त्याला गळती हाय." आणि पाणी यायच्या आधी नळ जसा फुसफुसतो, खडखडतो, तसा एखादा नुसताच गाजत असेल तर "हवा लई, पाणी न्हाई." निवडणुकीच्या दिवसात हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडात दिवसभर असतं.

मी त्यांना एकदा म्हटलं, "मामा, सगळं पाणी सिद्धेश्वरच्या धरणातलं, एकाच टाकीतलं. पाच ठिकाणी पिऊन काय वेगळं कळतं?"

त्यांनी माझ्याकडं, पदवी वाया गेली, अशा नजरेनं बघितलं. "टाकीत ते एकच असतंय. घरात गेलं की त्या घरचं होतंय. रिसाल्यात माठात वाळा टाकतात. मारवाड्याच्या घरी कळशी पितळी. गवळ्याच्या घरी ग्लास कितीबी घासा, दुधाचा वास येतोच. ह्यो फरक तुला बी.ए.त शिकवला न्हाई का?"

शिकवला नव्हता.

आता मनीषाबद्दल सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळं घडलं. मनीषा ही मामांची एकुलती एक मुलगी. ती दोन वर्षांची असताना तिची आई तापानं गेली. मामांच्या मागं ना आई, ना बहीण. नात्यातल्या लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून सांगून बघितलं आणि मग सांगायचं सोडून दिलं. कामावर तर जायलाच पाहिजे. एका खांद्यावर चावी आणि दुसऱ्या खांद्यावर पोरगी असा हा माणूस काही दिवस गावात हिंडला. मग रिसाल्यातल्या जमीलाखालांनी एक दिवस दारातून हाक मारली, "अरे दशरथभाई, पोट्टी को इधर दे. नल छोड को आ, फिर ले को जा."

तिथून सुरुवात झाली. पाच गल्ल्यांना आळीपाळीनं पाणी सुटायचं. ज्या दिवशी ज्या गल्लीची पाळी, त्या दिवशी पोरगी त्या गल्लीत. हिशोब सरळ होता, पाण्याच्या दिवशी बाया घर सोडून कुठं जात नाहीत. पाळीच्या दिवशी मामा गल्लीत शिरले की बाया दोन गोष्टींची वाट बघत असायच्या. हंडे लावलेले असायचे आणि पाळणा बांधलेला असायचा.

मनीषाला शाळेत घातलं तेव्हा बाईंनी वर्गात विचारलं, आठवड्याचे वार किती आणि कोणते. मनीषानं हात वर केला आणि सांगितलं, पाच. पेन्शनपुरा, गवळीपुरा, मारवाडी, कोमटी, रिसाला. बाईंनी मामांना बोलावून घेतलं. मामा म्हणाले, "चूक काय हाय त्यात? क्रम बराबर हाय."

तिला नावंही पाच. पेन्शनपुऱ्यात मुन्नी, गवळीपुऱ्यात मने, मारवाडी गल्लीत छोरी, कोमटी गल्लीत बुज्जी आणि रिसाल्यात पोट्टी. पाच घरच्या बोल्या तिला येतात. आता ती एका दवाखान्यात नर्स आहे. कोणताही पेशंट कोणत्याही भाषेत कण्हला तरी तिला कळतं, असं तिथले डॉक्टर म्हणतात.

तर अशा मुलीचं लग्न जमेना.

पहिलं स्थळ आलं तेव्हा बघण्याचा कार्यक्रम छान झाला. पोहे खाल्ले, फोटो काढले. मग त्यांनी गावात चौकशी केली आणि आठवड्यानं निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण कोणाकोणाच्या घरी वाढलेली, कुठंही खाल्लेलं, तिच्यावर एका घरचे संस्कार नाहीत.

मामा म्हणाले, "एका घरचे कशाला, पाच घरचे हायेत." पण त्या दिवशी ते फिरायला गेले नाहीत. मी आठ वर्षांत बघितलेला तो एकच दिवस.

दुसरं स्थळ वाशीमकडचं आलं. मुलगा गजानन, बियाण्याच्या कंपनीत नोकरीला. मध्यस्थानं मामांना बाजूला घेऊन समजावलं, "दशरथराव, यावेळी जरा सांभाळून. त्या जुन्या गोष्टी आता काढू नका. मुलीला मावशीनं सांभाळलं म्हणायचं, बास. लग्न झाल्यावर कोण विचारतं?"

मामा हो पण म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत. घरी आल्यावर मनीषानं त्यांच्यासमोर ताट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, लग्न न्हाई झालं तर चालंल. पण लग्नात रिसाल्यातल्या खाला, कोमटी गल्लीतल्या अक्का, मारवाडी गल्लीतल्या काकीसा मांडवाच्या बाहेर उभ्या राहिल्या तर मला चालणार न्हाई. आत्ताच सांगून ठेवते."

मामा दोन दिवस नेहमीसारखे फेरीला जाऊन आले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सविता, रविवारी तू संगं चल. तू पदवीधर हाईस, वजन पडंल."

"कुठं?"

"पाहुण्यांना गाव दाखवायचं हाय."

"आधी मुलगी तर दाखवा."

"पोरगी शेवटी. चोरून दिलेलं कनेक्शन पुढं गळतंच. आधी लाइन दाखवायची, मग नळ."

रविवारी सकाळी साडेनऊला वाशीमची गाडी आली. माणसं तीन. गजानन, त्याचे वडील उत्तमराव आणि त्यांचे मोठे जावई, ज्यांना सगळे दाजी म्हणत होते. उत्तमराव धोतरटोपीतले शेतकरी, कमी बोलणारे. गजानन सरळ, थोडा घाबरलेला, इस्त्रीच्या शर्टात. आणि दाजी म्हणजे दाजीच. नवे बूट, गॉगल, हातात गाडीची किल्ली गरगर फिरवत. मुलगी नापसंत करायचा अधिकार आपल्याला जन्मानं मिळालेला आहे असा चेहरा.

मामांनी त्यांना घरात घेतलंच नाही. फाटकातच हात जोडले आणि म्हणाले, "चला, जरा पाय मोकळे करू. गाडी राहू द्या."

दाजी म्हणाले, "पायी? गाडी काहून नाही घ्यायची? एसी हाय."

"गाडीला गल्ली बसत न्हाई."

मामांनी माझी ओळख करून दिली, "ही आमची भाडेकरू. बी.ए. हाय." तिघांनी मला नमस्कार केला. मी मान ताठ केली. त्यासाठीच तर मला नेलं होतं.

पहिला मुक्काम पेन्शनपुरा. तिथं ठकुराइन ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. पंच्याहत्तरीच्या असतील. पाण्याचा तांब्या आला. सगळ्यांनी ग्लास घेतले. ठकुराइन गजाननला खालून वर बघत म्हणाल्या, "दशरथ, लड़का तो दुबला है. क्यों बेटा, गुस्सा आता है?"

गजानन म्हणाला, "येतो कधीकधी."

"आया तो क्या करते हो?"

"शेतावर निघून जातो."

"अच्छा है. हमारी मुन्नी को आता है तो बर्तन घिसती है. घर साफ रहेगा." आणि मग त्यांनी उत्तमरावांना सांगितलं की मुन्नी तीन वर्षांची असताना ह्याच ओसरीवरून पडली होती, हनुवटीला टाका पडला, तो अजून दिसतो, बघून घ्या, नंतर म्हणू नका की सांगितलं नाही.

बाहेर पडल्यावर दाजी मला हळूच म्हणाले, "ही कोण? आत्या का?"

मी म्हटलं, "पेन्शनपुरा."

गवळीपुऱ्यात गंगामावशींनी पाण्यानंतर ताक दिलं. मामा म्हणाले, "ताक यात धरायचं न्हाई, ते वरचं." गंगामावशींनी गजाननचे तळहात पालथे-उलथे करून बघितले आणि विचारलं, "म्हस पिळता येती का रं?"

"गाय येते."

"गाय काय कुणालाबी येती." पण हात त्यांनी लगेच सोडला नाही. सांगत बसल्या, की मने लहानपणी म्हशीच्या पोटाखाली झोपायची आणि म्हैस तासभर पाय हलवायची नाही. म्हशीला कळतं, माणसाला कळायला वेळ लागतो, असं म्हणताना त्यांनी नेमकं दाजींकडं बघितलं. का ते त्यांनाच माहीत.

मारवाडी गल्लीत काकीसांनी घूंघटातून पाणी दिलं, पापड दिला आणि घूंघटातूनच उलटतपासणी घेतली. आईशी भांडतो का, वेळेवर जेवतो का, तंबाखू खातो का. गजानन तिसऱ्या प्रश्नाला अडखळला. म्हणाला, "खायचो. सोडली. दीड वर्ष झालं."

दाजी मध्येच म्हणाले, "अरे, हे सांगाची काय गरज होती?"

घूंघट दाजींकडं वळला. "आप चुप रहो. छोरा सच बोल रहा है."

मामांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. पोराला प्रेशर आहे, असा त्याचा अर्थ.

आता उन्हाचा चटका वाढला होता. मार्च महिना होता आणि नव्या बुटांनी दाजींच्या टाचा सोलल्या होत्या. ते भिंतीच्या सावलीसावलीनं लंगडत चालले होते. शिवाय तीन ग्लास पाणी आणि एक ताक आपलं काम करून राहिलं होतं. "अजून किती हाय बाप्पा?" त्यांनी विचारलं.

"दोनच," मामा म्हणाले आणि टाच आपटली. "इथं खाली चार इंची हाय."

दाजींना पाइपांचा विषय त्या क्षणी नको होता.

कोमटी गल्लीत अक्का दुकानाच्या मागच्या खोलीत होत्या. त्यांनी पाणी दिलं, बुज्जीच्या शाळेतल्या वह्या आणून दाखवल्या, कारण बुज्जीचा अभ्यास त्यांनी घेतलेला. गजानननं त्या वह्या मन लावून बघितल्या. एका पानावर बाराखडीच्या मध्येच चार तेलुगू अक्षरं होती. तो हसला आणि पहिल्यांदा स्वतःहून म्हणाला, "हे काय लिहिलंय?"

अक्का म्हणाल्या, "तिचं नाव. माझ्या लिपीत."

"मला लिहून देता?"

अक्कांनी बिलाच्या कागदावर लिहून दिलं. गजानननं ते घडी करून खिशात ठेवलं. अक्का मामांच्या कानाशी पुटपुटल्या, "मंचि अब्बायी." मामांना तेलुगू जेवढं येतं त्यात हे दोन शब्द आहेत. मुलगा चांगला आहे.

मग रिसाला.

तिकडं जाताना मामांचा वेग कमी झाला. एरवी ते ज्याला घेऊन निघतात त्याला धाप लागते. आज ते जमिनीकडं बघत चालले होते आणि पाइप सांगत नव्हते. पहिलं स्थळ कोणत्या घराचं नाव ऐकून मोडलं होतं ते मला माहीत होतं. त्यांना तर माहीत होतंच.

जमीलाखालांनी अंगण धुऊन ठेवलं होतं. पडवीतल्या खाटेवर नवी चादर होती. ट्रेमध्ये पाच ग्लास घेऊन त्या बाहेर आल्या, वाळ्याचा वास आला, आणि त्यांनी ट्रे सगळ्यात आधी दाजींच्या पुढं धरला. मोठे जावई म्हणून मान त्यांचा.

दाजींनी हात मागं घेतला. "नको नको. आत्ताच प्यालो."

खालांचा ट्रे तसाच राहिला. हसू जिथं होतं तिथंच ठेवून त्यांनी मामांकडं बघितलं, आणि मामा खाटेच्या पायाकडं बघत होते. मी बी.ए. आहे, वजन पडावं म्हणून नेलेली, आणि मी चादरीवरची फुलं मोजत होते.

गजानननं हात लांब करून ग्लास घेतला. बापाकडं बघितलं नाही, दाजींकडं बघितलं नाही. गटागटा प्यायला आणि म्हणाला, "खाला, अजून एक मिळंल का? ऊन फार आहे."

उत्तमरावांनी त्याच्याकडं एकदा बघितलं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, ग्लास घेतला आणि म्हणाले, "वाळा टाकला का माठात? माझी माय टाकायची."

"हौ," खाला म्हणाल्या. "पोट्टी को बहोत पसंद. उसके वास्तेच डालती मैं."

ते दोघं वाळा कुठं चांगला मिळतो ह्यावर बोलायला लागले. मामांनी आपला ग्लास उचलला, डोळे मिटले. निकाल द्यायला त्यांनी इतका वेळ कधी घेतला नव्हता. "बराबर हाय," शेवटी ते म्हणाले.

इकडं दाजींची अवस्था बिकट झाली होती. ते खाटेवर एकदा ह्या अंगाला, एकदा त्या अंगाला होत होते. शेवटी माझ्याकडं वाकून म्हणाले, "मॅडम, इथं जवळ कुठं हातपाय धुवायला जागा..."

मी म्हटलं, "घर त्यांचं आहे. त्यांनाच विचारा."

मला आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही.

दाजींनी खालांना विचारलं. खालांनी लगेच परसाचा रस्ता दाखवला, स्वतः बादली भरून दिली, साबण दिला, नवा टॉवेल दिला, आणि दाजी लंगडतात हे बघून खोबरेल तेलाची वाटी दिली, टाचांना लावायला. दाजी परत आले तेव्हा निम्मे झाले होते. गॉगल खिशात होता. खालांनी ट्रेमधला उरलेला ग्लास पुढं केला. दाजींनी तो घेतला, संपवला आणि खाली बघत म्हणाले, "थंड हाय."

"माठ का है ना, बेटा. फ्रिज का नको," खाला म्हणाल्या.

दुपारी एकला आम्ही घरी पोचलो. म्हणजे मुलगी बघायला आलेली माणसं साडेतीन तासांनी मुलीच्या घरात शिरली. मनीषा पोह्यांच्या ताटल्या घेऊन आली. उत्तमरावांनी तिच्या हनुवटीकडं बघितलं आणि त्यांना हसू आवरेना. बसल्यावर ते म्हणाले, "पोरी, आमाला काही विचारायचं न्हाई. तुझी म्हैस, तुझा टाका, तुझ्या वह्या, समदं कळलं. तुला काही विचारायचं असलं तर विचार."

मनीषानं गजाननला विचारलं, "खालाकडं पाणी प्यालात?"

"दोन ग्लास."

तिनं मान खाली घातली. मग पाहुण्यांसमोर हसायचं नाही हे ठकुराइनचं शिकवलेलं, खालाचं शिकवलेलं, सगळं विसरून ती सरळ हसली, आणि गजानन खिशातला बिलाचा कागद काढून तिला विचारायला लागला, की ह्यातलं म कोणतं.

उत्तमराव म्हणाले, "आमच्याकडून पसंत हाय. लग्नात पाचही घरचा मान म्हणजे पोरीच्या माहेराचा मान, तो आमी करू."

दाजींनी बूट काढून पाय पसरले होते. त्यांना विचारायचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, "पोरगी पसंत हाय. फक्त लग्नाला आमी गाडीनं येऊ."

सगळे हसले. आणि मग माझ्या लक्षात आलं की मामा खोलीत नाहीत.

ते मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर बसले होते, भिंतीकडं तोंड करून.

मी म्हटलं, "मामा, पसंत आहे म्हणतात. चला आत."

"ऐकू आलं."

"मग?"

त्यांनी भिंतीवरचा एक पोपडा नखानं काढला. मग म्हणाले, "सविता, एक काम कर. आत जाऊन त्यांना विचार, त्यांच्याकडं नळाला पाणी किती वाजता येतं."

"आत्ता? हे विचारू?"

"मी विचारलं तर बरं दिसत न्हाई. पोरीचा बाप न् हे काय विचारून राहिला म्हणतील. तू विचार." त्यांनी गळ्यातला रुमाल काढून हातात घेतला. "मी तीस वर्षं पहाटे चारला पाणी सोडलं. चारला. थंडीत बाया कुडकुडत उठायच्या, पोटुशी बाई असो का आजारी असो. मला कुणी बोललं न्हाई कधी. उलट म्हणायच्या, बरं झालं दशरथ, पाणी आलं. पण मला दिसायचं ना. नव्या सुनेलाच उठवायचे घरचे, पहिली दोनतीन वर्षं तिलाच. मनीचीबी आता तीच पाळी हाय."

मी आत गेले. उत्तमरावांना विचारलं. माझ्या प्रश्नाचं त्यांना नवल वाटलं असेल, पण त्यांनी नीट उत्तर दिलं. मी परत मागं आले.

"एक दिवसाआड येतं, मामा. सकाळी सहाला."

"सहा?"

"हो. आणि म्हणाले, नळावर मीच असतो, मला झोप येत न्हाई म्हाताऱ्याला."

मामांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "सहा म्हणजे उजाडतं," ते म्हणाले. "लेकराची झोप होईल."

आतून मनीषानं हाक मारली, "बाबा." मग परत मारली.

"सांग तिला, आलोच म्हणून," मामा रुमाल तोंडावर धरून म्हणाले. "हात धुऊन राहिलो."

नळ बंद होता. मी आत जाऊन सांगितलं, मामा हात धुताहेत, येतीलच.